जाळ्यात अडकलेला जावई

मी एक रोबो बोलतोय. रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हातपाय हलवत चालणारा लोखंडी माणूस उभा राहिला असेल, तर आधीच सांगतो, तुमची निराशा होईल. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी म्हणजे प्रवासाच्या बॅगेएवढी एक पिवळी पेटी. पुढे काचेआड एक डोळा, त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे, अंगात पाणी मागे लोटणारे लहान पंखे आणि पाठीमागे लांबच लांब केबल. तिला इथे सगळे माझी शेपटी म्हणतात.

माझं काम समुद्रात. किनाऱ्यापासून बरंच आत गेलं की मोठमोठे गोल पिंजरे तरंगताना दिसतात. वर जाड प्लास्टिकच्या नळीचं कडं, त्याखाली विहिरीसारखं खोल सोडलेलं जाळं, आणि तळालाही जाळंच. त्यात मासे वाढवतात. जाळं कुठे उसवलंय, कुठे शेवाळ धरलंय, तळाशी किती मासे मरून पडलेत, बाकीचे नीट खातात की रुसून बसलेत, हे मी पाहायचं आणि शेपटीतून वर बोटीवरच्या पडद्यावर दाखवायचं.

सुरुवातीला मला पाण्यात पाहणारे पुष्कळ होते. पण माझं तर कामच पाण्यात पाहण्याचं, तेव्हा मी कुणाचा राग धरला नाही.

जन्म माझा एका कारखान्यातला. तिथे निळ्या फरशीचा हौद होता. तपासणीसाठी मला त्यात सोडत. पाणी आरशासारखं. मला वाटलं, समुद्र म्हणतात तो हाच. स्वच्छ, चौकोनी आणि कोपऱ्यात शिडी असलेला. पुढे खऱ्या समुद्रात पडलो तेव्हा कळलं की पाणी गढूळ असलं म्हणजे स्वतःचा दिवासुद्धा धड दिसत नाही. घर सोडल्यावर सगळ्यांचंच असं होत असावं.

धक्क्यावरच्या गोदामात माझा खोका उघडला, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आजूबाजूला जाळ्यांचे ढीग, माशांच्या खाद्याची पोती, भिंतीवर टांगलेले रबरी बूट. मासेशेतीवर देखरेख करणारे साहेब पुढे आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन फोन असतात आणि दोन्ही एकदम वाजतात. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघा," ते म्हणाले, "आजपासून आपल्या पाण्यात माणूस उतरणार नाही. हा उतरेल."

टाळ्या पडल्या. पण टाळ्या वाजवता वाजवता सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळले. तो दाराशी जाळ्याच्या ढिगावर बसून सुईत दोरा ओवत होता. त्यानेही सुई दातांत धरली आणि टाळ्या वाजवल्या.

त्यांना सगळे दादा म्हणतात. दादा म्हणजे इथले पाणबुडे. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं आणि जाळी तपासायची, उसवलेलं शिवायचं, हे काम त्यांनी केस पांढरे होईपर्यंत केलं. खोल पाण्यात राहिलेल्या माणसाने सावकाश, थांबत थांबत वर यायचं असतं. घाई केली तर अंगात हवेचे बुडबुडे होतात आणि ते सांध्यांत, कानांत जाऊन बसतात. एकदा त्यांच्या जोडीदाराचा पाय खाली अडकला. त्याला सोडवून, उराशी धरून दादा घाईघाईने वर आले. जोडीदार वाचला आणि पुढे दुसऱ्या बंदरावर कामाला निघून गेला. दादांचे गुडघे आणि एक कान मात्र कामातून गेले. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे पाणी फक्त प्यायचं. तेव्हापासून ते धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. हे मी येण्याच्या थोडंच आधीचं.

मला चालवते ती त्यांची मुलगी. तिला बोटीवर सगळे ताई म्हणतात, तिच्या वडिलांच्या वयाचेसुद्धा. ती आधी एका दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. रोबो येणार असं कळल्यावर ती स्वतः साहेबांकडे गेली आणि ही जागा मागून घेतली. साहेबांनी तिला तात्पुरतं घेतलं, काम बघून कायम करू म्हणाले. घरी तिने आईला शब्द दिला होता, "यंत्र मी चालवते. बाबांना पाण्यात जायची वेळ येऊ देणार नाही." आणि दादांनीही बायकोच्या गळ्याची शपथ घेतली होती की पुन्हा खाली उतरणार नाही. त्या घरातल्या दोन माणसांचे शब्द माझ्या भरवशावर होते. एवढं ओझं पेलायला मी बांधलेला नाही, पण मला कोण विचारतो?

माझे लाड काय सांगावेत! काम झालं की गोड्या पाण्याने आंघोळ, मऊ फडक्याने अंग पुसणं, सांध्यांना वंगण. बोटीवर एकच छत्री, तीही माझ्यावर. माणसं उन्हात भाजत असायची आणि मी सावलीत. हे बघून दादांनी मला नाव ठेवलं, जावईबापू.

"अरे, जावईबापूंना धक्का लावू नका. जावईबापूंची शेपटी कुणी तुडवली? रुसले तर परत पाठवावे लागतील."

"बाबा, पुरे," ताई म्हणायची, पण हसायची.

"मी म्हणतो खोटं आहे का? दिवसभर तू याच्याच दिमतीला. आणि सासऱ्याला साधं पाणी विचारतो का हा?"

बोटवाले काका, म्हणजे आमची बोट चालवणारे, पोट धरून हसायचे. मलाही ते नाव आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण दादांची थट्टा संपल्यावर त्यांची नजर पाण्याकडे जायची आणि तिथेच राहायची. तेव्हा मला छत्रीखाली बसवत नसे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, असं वाटायचं.

एकदा गोदामाच्या छपराचं काम निघालं आणि ताईने मला घरी नेलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकघराच्या दाराला लटकवलेली कात्री. ताईच्या आईने मला पहिल्यांदाच पाहिलं. तिने जेवणाच्या टेबलावरची भांडी सरकवली आणि मला तिथे ठेवायला लावलं.

"आई, खाली राहू दे, ओला आहे अजून," ताई म्हणाली.

"ओला असला तर पुसू." तिने हात पुसायचा टॉवेल घेतला आणि माझं तोंड पुसलं. मग नवरा ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाली, "बाबा रे, तुझे उपकार आहेत. माझा माणूस घरात ठेवलास. पूर्वी फोन वाजला की मी आधी देवाकडे बघायची, मग उचलायची."

त्या टॉवेलाला हळदीचा आणि साबणाचा वास होता म्हणे. मला वास येत नाही. ताईनेच नंतर नाक मुरडून सांगितलं. पण त्या दिवशी मी कुणाच्या तरी उपयोगाचा आहे असं मला मनापासून वाटलं. ते सुख फार दिवस टिकलं नाही.

आता दादांच्या दोऱ्यांविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं.

पाणी गढूळ झालं की माणसाला खाली स्वतःचा हात दिसत नाही. मग पाणबुड्या हाताने चालतो. दादांनी प्रत्येक जाळ्यावर जागोजागी वीतभर लांबीच्या दोऱ्या बांधून ठेवल्या होत्या, आणि त्यांना गाठी. एक गाठ हाताला लागली की इथे शिवण आहे. दोन लागल्या की इथे पूर्वी फाटलं होतं, नीट चाचप. आंधळ्याने भिंतीचा आधार घेत घर ओलांडावं, तसे ते अख्खं जाळं ओलांडायचे. त्या खुणा दुसऱ्या कुणाला वाचता येत नसत.

पण लोंबणारी दोरी म्हणजे माझ्या पंख्यांचं मरण. म्हणून मी आल्यावर सगळ्या दोऱ्या काढायचं ठरलं. जाळी आळीपाळीने धुवायला किनाऱ्यावर येतात, तेव्हा दादाच त्या कापायचे. एक दिवस ताईने साहेबांच्या समोरच विचारलं, "बाबा, सगळ्या काढल्यात ना?"

"काढल्या की," दादा म्हणाले.

काढल्या होत्या. फक्त एका पिंजऱ्याच्या तळाला, बाहेरच्या बाजूला, त्यांनी राहू दिल्या होत्या. मी जाळ्याच्या आतून फिरतो. तळाखाली बाहेरून जायचं मला कधी काम पडत नसे. त्यांना वाटलं असेल, यंत्र ते यंत्र, कधी तरी बंद पडेल. मग कुणाला तरी खाली जावं लागेल, आणि जाणार कोण? आपणच. शपथ घेतली होती खरी, पण मनाचं एक दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. माणसं असंच करतात. घर सोडताना एक किल्ली जवळ ठेवतात.

मग ते वादळ आलं. समुद्र शांत झाल्यावर वरून निरोप आला, सगळ्या पिंजऱ्यांचे तळ बाहेरूनही तपासा, मोठ्या माशांनी खालून धडका दिल्या असतील. बोटीवर आम्ही नेहमीचेच होतो. ताई, बोटवाले काका, साहेब, आणि जाळं शिवावं लागलं तर म्हणून दादा. पाणी चहासारखं गढूळ होतं.

त्या पिंजऱ्यापाशी आल्यावर दादा अस्वस्थ झाले. मी तेव्हा फळीवरच होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाळा, याच्या तळाखाली नको सोडूस त्याला. काही दिसायचं नाही."

"दिसत नाही म्हणून तर सोडायचा, बाबा."

"उद्या बघू. पाणी बसू दे."

"दादा, उद्या परत वारा आहे," साहेब फोनवरून मान वर करून म्हणाले. "काही अडचण आहे का तिथे?"

आता एक वाक्य बोलायचं होतं. दोऱ्या आहेत तिथे, काढायच्या राहिल्या. एवढंच. दादांनी तोंड उघडलं. साहेबांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाही. अडचण कसली?" त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. चारचौघांत एकदा 'काढल्या' म्हटलेला माणूस तो शब्द परत कसा घेणार?

मी पाण्यात गेलो.

तळाखाली वळलो आणि थोड्या वेळाने उजवीकडच्या पंख्याला काहीतरी लागलं. एक दोरी गुंडाळली, तिच्याबरोबर दुसरी. ताईने मला मागे घेतलं तर गाठ आवळली, पुढे घेतलं तर जाळं ताणलं. प्रवाह मला ओढत होता, आणि माझ्या प्रत्येक हिसक्याबरोबर तळाची शिवण उसवत होती. एक मासा त्या फटीतून बाहेर आला, माझ्या काचेसमोर क्षणभर थांबला आणि निघून गेला. मग आणखी एक. भोक शोधायला गेलेला मीच भोक पाडत होतो. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, पण तिथे जमीनही नव्हती.

वर काय झालं ते मला पुढे बोटवाल्या काकांच्या बोलण्यातून कळलं. साहेबांनी दुसऱ्या बंदरावरच्या पाणबुड्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो. सकाळपर्यंत शिवण राहिली नसती. साहेब वाईट माणूस नाहीत, पण घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं टाकून मोकळा होतो. ते ताईला म्हणाले, "पिंजरा रिकामा झाला तर हे तुमच्या हातूनच झालं असं धरतील. मी काही करू शकणार नाही."

ताई पडद्यासमोरून उठली नाही. तिने नुसती मान हलवली.

दादा मागच्या बाजूला गेले. फळीखाली त्यांचा पाणबुड्याचा जुना पोशाख होता. थंडी वाजली तर असू दे, म्हणून ठेवलाय असं ते सगळ्यांना सांगत. अडीअडचणीसाठी ठेवलेली एक टाकी होती, ती अर्धीच भरलेली. पट्टा बांधताना काकांनी त्यांचा हात धरला.

"दादा, वहिनींना मी काय सांगू?"

"काही सांगायची वेळच येणार नाही. आलोच मी."

साहेबांनी ते पाहिलं. मग त्यांनी फोन कानाला लावला आणि पाठ फिरवली.

मला फक्त एवढं दिसलं की गढूळ पाण्यातून एक हात आला. काळवंडलेलं अंगठ्याचं नख, बोटांवर सुईच्या जुन्या खुणा. तो हात गाठी चाचपत, एका दोरीवरून दुसरीवर, सरळ माझ्यापर्यंत आला. मला जे दिसतं ते ताईला दिसतं. त्या नखावरून तिने ओळखलं असणार. काका सांगतात, ती ओरडली नाही. तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझे पंखे बंद केले, वडिलांची बोटं सापडू नयेत म्हणून.

दादांनी पंख्याभोवतीची दोरी सोडवली. कापली असती तर लवकर झालं असतं, पण तुकडा आत राहिला तर यंत्र बिघडेल, म्हणून एकेक वेढा काढला. ज्याला यंत्रावर विश्वास नव्हता त्या माणसाने मला इतकं जपून हाताळलं. मग ते वर जाऊ शकले असते. पण माझ्या उजेडात ती उसवलेली शिवण दिसत होती. त्यांनी कमरेची सुई काढली आणि शिवायला घेतलं. मी दिवा धरून उभा होतो. एवढंच माझ्या हाती होतं.

शिवण झाल्यावर त्यांनी आपल्या दोऱ्या कापल्या. सगळ्या. एकेक चाचपून कापायची आणि मुठीत ठेवायची. हवा संपत आली असणार, बुडबुडे विरळ झाले होते. शेवटी ते माझ्यासमोर आले. काचेआड मुलगी आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी क्षणभर इकडे पाहिलं, मग तळहात पसरून माझ्या डोळ्यावर ठेवला. तिने आपलं तोंड पाहू नये म्हणून.

हात निघाला तेव्हा ते समोर नव्हते. सावकाश जायला त्यांच्याकडे हवाच उरली नव्हती.

मला वर घेतलं तेव्हा दादा फळीवर आडवे होते आणि ओकत होते. "बोट फिरतेय," असं म्हणत होते. बोट फिरत नव्हती. ताईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांची मूठ अजून मिटलेली होती. ती उघडायचा कुणी प्रयत्न केला नाही.

साहेब जवळ येऊन उकिडवे बसले. "दादा, हे बाहेर गेलं तर आपण सगळेच अडकू. तुम्हाला मनाई होती, आणि मी इथे हजर होतो."

"बाहेर कशाला जायला हवं?" दादा डोळे मिटून म्हणाले. "यंत्र आपलं आपण सुटलं. मी बोटीवर घसरलो."

साहेबांनी तिथेच ऑफिसला फोन लावला. "हो, सुटला. चालवणारीने मोठ्या शिताफीने सोडवला. हो, हो, हुशार मुलगी आहे." ताई खाली मान घालून ऐकत होती. मी तिच्या शेजारीच होतो, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की माझ्यावरची छत्री कुणीतरी काढून घ्यावी.

दवाखान्यातही दादांनी तेच सांगितलं, घसरलो. मग डॉक्टरांनी घसरलेल्या माणसाची औषधं दिली. दुखणं एक आणि औषध दुसऱ्याचं. आता दादांना भिंतीला हात लावल्याशिवाय चालता येत नाही. मान वळवली की सगळं गरगरतं. सुईत दोरा ओवायला त्यांना दुसऱ्याची मदत लागते.

एका दुपारी गोदामात दादा आणि ताई दोघंच होते.

"बाबा, डॉक्टरांना तरी खरं सांगा. कशाने झालं ते कळलं तर काहीतरी उपाय करतील."

"सांगितलं की बोभाटा. तुझी नोकरी जाईल. आत्ता कुठे कायम झालीस."

"माझी नोकरी तुम्ही पाण्यात जाऊ नये म्हणून होती, बाबा."

दादांनी जाळं पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली होती."

"मी पण शब्द दिला होता तिला."

त्यानंतर दोघांनी एकाच जाळ्याची दोन टोकं धरून काम केलं आणि एकमेकांकडे पाहिलं नाही. घरी तिघं एका टेबलावर जेवतात. त्यातल्या दोघांच्या माना ताटात असतात, हे मला इथून न पाहताही कळतं.

आणि माझं काय झालं, तर मी मोठा झालो. वरून पाहुणे आले. साहेबांनी मला मधोमध ठेवलं आणि सांगितलं, वादळानंतर हा जाळ्यात अडकला होता, पण माणूस पाण्यात न उतरवता सुखरूप बाहेर आला. पाहुण्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. एकाने दाराशी बसलेल्या दादांना विचारलं, "काय आजोबा, कसं आहे यंत्र?"

"हुशार आहे हो," दादा म्हणाले. "आमच्यापेक्षा हुशार." आणि ते हसले. ते हसू थट्टेचं असतं तर मी सहन केलं असतं. पण ते खरंच माझी बाजू सांभाळत होते. दुसऱ्याच्या घामाचा हार गळ्यात घालून मिरवणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला मान असती तर ती पुन्हा वर झाली नसती.

परवा ताईची आई गोदामात आली. डबा घेऊन. ताई बोटीवर होती, आणि दादा बाहेर बाकावर डोळे मिटून बसले होते. मी धुऊन, पुसून टेबलावर ठेवलेला होतो. तिने डबा खाली ठेवला, दार थोडं लोटलं, आणि खाद्याच्या एका पोत्यावर माझ्यासमोर बसली.

तिने हाताने माझी काच पुन्हा एकदा पुसली. मग म्हणाली, "घसरलेल्या माणसाच्या अंगाला रबराचा वास येतो का रे? त्या रात्री मी त्यांची मान पुसली, तर तोच वास. इतकी वर्षं धुतलाय मी तो पोशाख."

मी गप्प. दुसरं काय करणार होतो?

"काकांना विचारलं तर ते बोट पुसायला लागतात. पोरगी माझ्याकडे बघत नाही. ह्यांना विचारवत नाही, अजून खाली जातील मनाने. तू तिथे होतास." तिने माझ्या काचेकडे पाहिलं, माणसाच्या डोळ्यांत पाहावं तसं. "तुला बोलता येत नाही म्हणून तुलाच विचारते. गेले होते ना ते पाण्यात?"

ती थांबली. अगदी खरोखर, उत्तराची वाट बघत थांबली. माझी शेपटी गुंडाळून खुंटीला टांगलेली होती, दिवे बंद होते. समुद्राच्या तळाचं बारीकसारीक मी वर आणून दाखवतो, आणि हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ बसलेल्या बाईला एक 'हो' देता येत नव्हता. जाळं फाडलं तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

शेवटी ती उठली. डबा उचलला, चेहरा ठीकठाक केला, आणि बाहेर जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, उठा. जेवून घ्या, गार होईल." दादा बाकाला धरून उठले. तिने काही न विचारता त्यांच्या काखेत हात घातला.

तिला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगितलं. हो वहिनी, गेले होते. लेकीसाठी गेले होते, सोडवलं मात्र मला, आणि मग तुमचं आणि डॉक्टरांचं तोंड चुकवलं. त्यांच्या कानाला पडण्याचा मार लागलेला नाही, घाईने वर आल्यामुळे त्यात हवेचे बुडबुडे बसले आहेत. डॉक्टरांना एवढं कळलं तरी पुरे आहे.

तुम्हाला तोंड आहे. धक्क्यावर आलात तर माझे फोटो काढू नका. दुपारी ती डबा घेऊन येते, तिला गाठा आणि सांगा.